न्यायालयातील कोणते शब्द नजीर ठरतात?

रायपूरच्या सत्र न्यायालयाने २४ डिसेंबर २०१० रोजी डॉ. बिनायक सेन यांना राजद्रोहाबद्दल जन्मठेप सुनावली. माओवाद्यांना साहाय्य केल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता.

या शिक्षेवरील वादाच्या मुळाशी १९६२ चा केदारनाथ सिंह खटला होता. त्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राजद्रोहाचे कलम १२४ अ वैध ठरवले, परंतु त्यास मर्यादाही घातली. हिंसेला चिथावणी वा सार्वजनिक शांतता बिघडवण्याची प्रवृत्ती असेल तरच हा गुन्हा घडतो. सरकारवरील कठोर टीका पुरेशी नाही. घटनेच्या अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा रायपूरसह सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०११ रोजी सेन यांना जामीन दिला. गांधीजींचे पुस्तक बाळगल्याने कोणी गांधीवादी ठरतो काय, या आशयाचे खंडपीठाचे उद्गार गाजले. लेखी आदेशात मात्र कारणे नव्हती. उच्च न्यायालयातील प्रलंबित अपिलावर परिणाम होऊ नये, हा त्यामागील हेतू. नजीर ठरते ती निकालामागील लेखी कारणमीमांसा. त्यामुळे पुढील आरोपीस गाजलेले ते वाक्य उपयोगी नाही, १९६२ चा निर्णय आहे. तोही वस्तुस्थिती मिळतीजुळती असेल तरच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत १२४ अ नाही. देशाची एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे. शब्दरचना निराळी असल्याने जुनी मर्यादा येथेही लागू पडते, हे बचाव पक्षास नव्याने पटवून द्यावे लागते.