वय नको, चढाची ताकद मोजा

कामशेतच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : वडील ७८ वर्षांचे, आतड्याचा कॅन्सर, या वयात केमो सोसेल का? वयावरून याचं उत्तर निघत नाही. पवन मावळात त्याच वयाचे आजोबा अजून भातखाचरात उतरतात, आणि एखाद्याला पासष्टीतच उठताना हाताचा आधार लागतो.

कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, हे लोणावळेकरांना सांगायला नको. बोरघाटाचा चढ ३७ला १; सपाटीवर झकास धावलेली गाडीसुद्धा इथं एकटी चढत नाही. केमो हा शरीरासाठी असाच चढ. राखीव ताकद किती उरली आहे, हे आधीच पाहायचं : वजन किती घटलं, कितीदा पडले, चार मीटर चालायला किती वेळ लागतो, गोळ्या किती, स्मरण कसं, घरात सोबतीला कोण. कमी पडेल तिथं इंजिन जोडायचं : आहार, फिजिओथेरपी, अनावश्यक गोळ्या बंद, गरज असेल तर पहिला डोस हलका.

अमेरिकेतल्या डॉ. सुप्रिया मोहिले यांनी सत्तरीपुढच्या ७१८ रुग्णांवर हे तपासलं (‘लॅन्सेट’, २०२१). ज्या डॉक्टरांना ही माहिती व सल्ला मिळाला, त्यांच्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना तीव्र दुष्परिणाम झाले. इतरांमध्ये ७१ टक्क्यांना. सहा महिन्यांनंतर जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका छोट्या चाचणीत अचानक भरती होण्याचं प्रमाणही बरंच घटलं. एखाद्या नव्या औषधानं हे साधलं असतं, तर पहिल्या पानावर बातमी झाली असती!

या विचाराचं मूळ ब्रिटिश डॉक्टर मार्जोरी वॉरेन यांच्याकडे जातं, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही याची मला खंत आहे. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरिबांच्या आश्रयगृहातले ७००हून अधिक रुग्ण आले. कित्येक जण वर्षानुवर्षं खाटेवर पडून होते. ‘म्हातारपण’ हे निदान या बाईंनी मान्यच केलं नाही. एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं. अनेक जण घरी गेले.

परळच्या टाटा रुग्णालयात वृद्ध कॅन्सर रुग्णांसाठी २०१८पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पण लोणावळ्याहून परळची प्रत्येक खेप हीसुद्धा थकलेल्या शरीरावरचा भारच. चालण्याचा वेग, वजन, गोळ्यांची यादी एवढं तरी वडगाव-तळेगावच्या फॅमिली डॉक्टरांकडे मोजून होतं. ताई, ही मोजमापं लिहिलेला कागद आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि पहिल्या केमोच्या आधीच ते कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवा.