अवधानाची कैफियत

चाळिशी गाठलेल्या, नोकरी आणि संसार यथास्थित चालवणाऱ्या इसमास एडीएचडीचे (अवधानन्यूनता व अतिचंचलता या विकाराचे) निदान झाले, की आप्तेष्टांचा पहिला उद्गार असा, की ही तर पोरासोरांची व्याधी, मिसरूड फुटताच जिरणारी! १९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांतून केले आणि पुढे दीर्घकाळ हा विषय बालरुग्णांच्याच दप्तरी राहिला, म्हणून हा समज रुजला. वस्तुतः वयपरत्वे हुंदडणे ओसरले, तरी विस्मरण, दिरंगाई आणि आतली अस्वस्थता पुष्कळांच्या वाट्यास उरतेच. खिडकीबाहेर पाहत निमूट बसणाऱ्या मुलीची तर शाळेत कोणी दखलच घेत नाही, आणि पुढे स्वतःच्या मुलाच्या तपासणीच्या वेळी तिला आपलाही उलगडा होतो.

अलीकडचा समज याच्या नेमका उलट आहे: मोबाइलपायी चित्त ठरेनासे झाले आणि चार चित्रफितींतील खुणा पटल्या, म्हणजे निदान झाले. रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये हा विकार सापडत नाही, हे खरे. तथापि म्हणून निदान मनमानी ठरत नाही. २०१३ च्या अमेरिकन निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावी लागतात, आणि प्रौढाच्या ठायी अवधानाच्या किंवा चंचलतेच्या गटातील किमान ५ लक्षणे ६ महिने टिकून, घर, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणी व्यत्यय आणणारी असावी लागतात. यास्तव जाणता मनोविकारतज्ज्ञ शक्य तर आईची साक्ष काढतो, जुनी प्रगतिपुस्तके मागवतो (‘हुशार, पण धांदरट’ हा गुरुजींचा शेरा येथे प्रश्नावलीतील गुणांइतकाच बोलका), आणि थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, व्यसन यांपैकी दुसरेच काही मुळाशी नाही ना, याची रुजुवात घालतो. दहा मिनिटांत हा तपास उरकणाऱ्याविषयी मी तरी साशंक राहीन.

‘आवडीच्या कामात तर तासन्‌तास गढतो, मग आजार कसला?’ हा आक्षेपही पोकळ आहे. लक्ष हवे तेथे वळवणे आणि वेळेवर काढून घेणे, हीच तर येथील अडचण.

या विकारावरील मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाने व्यसन लागते, ही धास्ती मात्र सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही: त्याचा दुरुपयोग होतो, म्हणूनच आपल्याकडे ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. परंतु वैद्यकीय देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, नाडी आणि रक्तदाब तपासत घेतल्यास हा धोका अल्प असतो. भूक मंदावणे व झोप उडणे हे त्रास अधिक संभवनीय. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध उत्तेजक नव्हे, पण त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. विकार समूळ जात नाही. औषधाचा अंमल असेतोवर चित्त आवरते, आणि वीजबिलाची तारीख पाळण्यासाठी गजर, नोंदवही व वर्तनोपचार यांची जोड लागतेच.