'कुटुंब' आणि 'वारस' : निवृत्तिवेतनाच्या नियमांतील दोन शब्दांचा अर्थविचार

एकाच शब्दाचा अर्थ कोशात एक, बोलण्यात दुसरा आणि नियमपुस्तकात तिसरा असावा, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु या अर्थांमधील अंतरावर जेव्हा एखाद्या विधवेचा चरितार्थ अवलंबून असतो, तेव्हा त्या अंतराचा विचार केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. शासकीय सेवकास व त्याच्या पश्चात त्याच्या माणसांस मिळणाऱ्या लाभांचे नियम ज्या दोन शब्दांभोवती फिरतात, ते 'कुटुंब' आणि 'वारस' हे शब्द प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहेत.

या विचारास कल्याणच्या पुढील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे सोयीची आहेत. अंबरनाथ येथे संरक्षण खात्याचे दोन कारखाने आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन हे कारखाने नव्या शासकीय कंपन्यांकडे गेले. तेव्हा तेथील सेवकांस मानीव प्रतिनियुक्तीवर पाठवून त्यांचे केंद्रीय सेवकपण राखण्यात आले. बदलापुरात रेल्वेचे व मुंबईतील कार्यालयांचे सेवक मोठ्या संख्येने राहतात. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली नावारूपास आलेले शहर. केंद्राचे, राज्याचे आणि स्थानिक संस्थेचे सेवक येथे एकाच गल्लीत नांदतात. मात्र त्यांना लागू असलेले नियम भिन्न आहेत.

प्रथम 'निवृत्तिवेतन' हा शब्द पाहू. 'पेन्शन' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील तोलणे, चुकते करणे या अर्थाच्या धातूत आहे. मराठी प्रतिशब्दात 'वेतन' आहे, आणि वेतन हे केलेल्या कामाचे असते, कृपेचे नव्हे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरील बक्षिसी नसून सेवकाचा हक्क आहे, असा जो निर्वाळा दिला, तो मराठी शब्दाच्या घटनेतच जणू अध्याहृत होता. याउलट 'ग्रॅच्युइटी'साठी योजलेला 'उपदान' हा शब्द देणगीचा भास निर्माण करतो. वस्तुतः तोही नियमसिद्ध हक्कच होय.

आता 'कुटुंब' शब्दाकडे वळू. जुन्या मराठी बोलण्यात 'आमचे कुटुंब' म्हणजे आमची पत्नी, हे वाचकांस ठाऊक आहेच. आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ एका छपराखाली राहणारी सर्व माणसे असा विस्तारला आहे. नियमांतील 'कुटुंब' या दोहोंहून वेगळे आहे. इतकेच नव्हे तर एकाच नियमावलीत त्याच्या दोन व्याख्या आढळतात. उपदानापुरते कुटुंब विस्तृत असून त्यात पती वा पत्नी, मुले, आईवडील आणि विशिष्ट अटींवर भावंडेही येतात. यांपैकी कोणास रक्कम द्यावी हे सेवक नामनिर्देशनाने ठरवू शकतो. १ जानेवारी १९६४ पासून लागू झालेल्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या योजनेतील कुटुंब मात्र एक रांग आहे. रांगेत प्रथम विधवा अथवा विधुर. नंतर २५ वर्षांखालील, अविवाहित व न कमावणारी मुले. काही अटींवर अविवाहित, विधवा वा घटस्फोटित कन्या. आणि स्वतः उपजीविका करू न शकणारे दिव्यांग अपत्य आजन्म. आईवडिलांचा क्रम पती, पत्नी वा अपत्य मागे नसेल तरच लागतो. ही रांग सेवकास आपल्या इच्छेने बदलता येत नाही.

हा भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. अंबरनाथच्या कारखान्यात २००४ पूर्वी लागलेला एक कामगार २२ वर्षांच्या सेवेनंतर सेवेत असतानाच निधन पावला. त्याचे मूळ वेतन ४०,००० रुपये होते. मागे आई, पत्नी व एक शाळकरी मुलगा. विवाहापूर्वी त्याने उपदानासाठी व भविष्य निर्वाह निधीसाठी आईचे नाव दिले होते आणि ते पुढे बदलावयाचे राहून गेले. घरात सर्वजण म्हणतात, 'वारस आई आहे, कागदावर तिचेच नाव आहे.' या वाक्यातील 'वारस' शब्दात तीन निरनिराळे हक्क एकत्र कोंबले गेले आहेत.

पहिला हक्क कुटुंब निवृत्तिवेतनाचा. तो पत्नीचा आहे. आईचे नाव कागदावर असल्याने त्यास बाध येत नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे पहिली १० वर्षे मूळ वेतनाच्या निम्मे, म्हणजे दरमहा २०,००० रुपये, आणि त्यानंतर ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये, शिवाय महागाई साहाय्य. १९९१ साली व्हायोलेट इझाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, हे निवृत्तिवेतन मृताच्या मालमत्तेचा भाग नसल्याने त्याची वाट मृत्युपत्राने लावता येत नाही.

दुसरा हक्क मृत्यु-उपदानाचा. २० वर्षांहून अधिक सेवा झाल्यास प्रत्येक पूर्ण सहामाहीस अर्ध्या महिन्याचे वेतन, या हिशेबाने ४४ सहामाह्यांचे २२ महिन्यांचे वेतन महागाई भत्त्यासह मिळते. १ जानेवारी २०२४ पासून केंद्रीय सेवकांसाठी याची कमाल मर्यादा २५ लाख रुपये आहे. ही रक्कम नामनिर्देशनानुसार आईच्या हाती पडेल.

तिसरा हक्क भविष्य निर्वाह निधीचा. ही रक्कमही आईकडेच दिली जाईल. परंतु २००९ च्या शिप्रा सेनगुप्ता खटल्यातील निर्णयानुसार नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, तिची एकमेव मालक नव्हे. हिंदू उत्तराधिकाराप्रमाणे आई, पत्नी व मुलगा यांचा त्यात समान वाटा आहे. थोडक्यात, नियमातील कुटुंबीय, नामनिर्देशित आणि उत्तराधिकारी या तीन संकल्पना होत, आणि बोलभाषा त्या तिन्हींस 'वारस' या एकाच शब्दाने संबोधते. अनेक घरांतील सासू-सुनेच्या कलहाचे बीज या अनेकार्थतेत आहे.

शब्दांप्रमाणेच विशेषनामांचाही येथे विचार केला पाहिजे. विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची रीत मराठी व सिंधी या दोन्ही समाजांत आहे. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे सेवापुस्तकात आणि तिसरेच बँकेत, असे घडते. सिंधी नावांच्या बाबतीत लिपीची अडचण अधिक. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत आणि देवनागरीत अशी दोन्ही प्रकारे लिहिली जाते, आणि तिच्यातील अंतःस्फोटक व्यंजनांस नेहमीच्या देवनागरी वर्णमालेत अक्षरे नाहीत. मग एकच नाव दोन कागदांवर दोन व्यक्तींचे भासते. मृत्यूनंतर हे ऐक्य सिद्ध करण्याचा भार जी मागे राहते तिच्यावर पडतो.

नव्या योजनांनी हा प्रश्न संपविलेला नाही, फक्त त्याचे रूप पालटले आहे. केंद्राच्या बहुतेक सेवांत १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या सेवकांस अंशदानाधिष्ठित योजना लागू झाली. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांच्या संपामागे हाच विषय होता. त्याच महिनाअखेरीस राज्य शासनाने नव्या योजनेतील सेवकाचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची व उपदानाची तरतूद केली. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय दिला आहे. २५ वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यास अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि त्याच्या मृत्यूनंतर तिच्या ६० टक्के रक्कम कुटुंबास, असे तिचे स्वरूप आहे. परंतु तेथे 'कुटुंब' म्हणजे केवळ विधिवत् विवाहित पती वा पत्नी. दिव्यांग अपत्य किंवा विधवा कन्या जुन्या रांगेत होती, ती या व्याख्येत नाही. पर्याय निवडणाऱ्याने टक्केवारीइतकेच या व्याख्येकडेही लक्ष दिले पाहिजे. आजोबांच्या तोंडचा 'आमचे कुटुंब' हा अर्थ असा नियमांत परतला आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. विवाह, अपत्यजन्म, घटस्फोट वा निधन यांपैकी काही घडले की सेवकाने कुटुंबाचा तपशील व प्रत्येक नामनिर्देशन स्वतंत्रपणे तपासावे, आणि पत्नीचे नाव सर्व कागदांवर एकाच वर्णलेखनाने आहे ना, हे स्वतः पाहावे. भाषेच्या अभ्यासकांचेही येथे एक कर्तव्य उरते. परिभाषा कोशात नोंदवून काम संपत नाही. ज्यांचे हक्क त्या परिभाषेत बांधलेले आहेत त्यांना त्यातील भेद बोलभाषेत समजावून देणे, हाही परिभाषानिर्मितीचाच उत्तरार्ध होय.