‘प्रश्न उद्भवत नाही’ : विधिमंडळातील प्रश्न, शासकीय आकडेवारी आणि जालना जिल्हा

सभागृहात सदस्याने प्रश्न विचारावयाचा आणि मंत्र्याने आकडे देऊन त्याचे उत्तर द्यावयाचे, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तो आकडा येतो कोठून याचा विचार सहसा केला जात नाही. अभ्यासकही कार्यवाहीच्या वृत्तांतातून आकडा उचलतात, त्याखाली दिनांक लिहितात आणि पुढे जातात. वस्तुतः मंत्र्याच्या उत्तरातील आकडा हा घडलेल्या घटनांचा आकडा नसतो. तो कोणत्या तरी नोंदवहीतील एका रकान्याची बेरीज असतो. ती नोंदवही कोणत्या हेतूने ठेवली गेली, तिचा रकाना कोण भरतो आणि बेरीज कोणत्या दिवशी मारली गेली, हे कळल्याखेरीज उत्तराचा अर्थ लागत नाही. जालना जिल्ह्याशी संबंध पोचणाऱ्या अलीकडच्या काही प्रश्नोत्तरांच्या आधारे हा मुद्दा येथे स्पष्ट करावयाचा आहे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या कौन्सिलांत तो नव्हताच. १८९२ मध्ये तो मिळाला. परंतु सदस्याने प्रश्न विचारावा, सरकारने उत्तर वाचावे आणि सदस्याने मुकाट्याने खाली बसावे, एवढीच त्याची व्याप्ती होती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास पूरक प्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सदस्यांसही लाभली. आकड्यांच्या दृष्टीने हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. पहिल्या उत्तरात आकडा मिळतो. तो फोडून पाहण्याची संधी मिळते ती पूरक प्रश्नात. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कौन्सिलात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्याचे सामर्थ्य नेमके या फोडणीत होते. सरकारी शिलकेचे आकडे त्यांनी नाकारले नाहीत. सरकारचेच कागद पुढे ठेवून ती शिलक प्रजेच्या भरभराटीची नसून चढत्या विनिमयदराची व चढत्या करांची आहे, हे दाखवून दिले. या कामी गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकडेशास्त्राच्या व्यासंगी माणसाचे साहाय्य त्यांना लाभले होते. सदस्याच्या पाठीशी असा मनुष्य असावा लागतो, ही गोष्ट आजही बदललेली नाही.

जालन्याच्या प्रजेस मात्र हा अधिकार फार उशिरा मिळाला. निजामाच्या राज्यात जबाबदार शासन नव्हते. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद विधानसभेत या भागाचे निर्वाचित प्रतिनिधी बसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात आज आठ तालुके व विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत. परंतु परतूर व घनसावंगी हे त्यांपैकी दोन मतदारसंघ लोकसभेपुरते परभणीस जोडलेले आहेत. जिल्हावार विवरणपत्र मागणारा खासदार आणि त्या विवरणपत्रातील जिल्हा यांच्या सीमा येथे एक नाहीत, हे अभ्यासकाने प्रथमच ध्यानात घेतलेले बरे.

महाराष्ट्र विधानमंडळातील प्रश्नांची भाषा ठरून गेलेली आहे. ‘अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ अशी ही साखळी असते. उत्तरेही तितकीच ठरलेली : ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि सर्वांत शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. या शेवटच्या शब्दप्रयोगात गैर असे काही नाही. पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्यावर अवलंबून असलेला पुढचा भाग आपोआप गळून पडतो, एवढाच त्याचा अर्थ. पण यातून एक गोष्ट निष्पन्न होते. पहिल्या भागास ‘नाही’ असे उत्तर देता आले की, संपूर्ण प्रश्न निकालात निघतो. आणि ‘घडले नाही’ व ‘आमच्याकडे नोंद नाही’ या दोहोंचा परिणाम कार्यवाहीच्या कागदावर अगदी सारखाच दिसतो. सांख्यिकीचा विद्यार्थी शून्य आणि रिकामा रकाना यांत भेद करावयास शिकतो. प्रश्नोत्तराची शैली तो भेद पुसून टाकते.

याचे सर्वांत विदारक उदाहरण जालन्याचे आहे. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडनजीक सटाणा शिवारात सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. जालन्यातील पोलादाच्या कारखान्यात काम करणारे हे वीस जण मध्य प्रदेशातील शहडोल, उमरिया या भागांतले. टाळेबंदीत काम बंद पडले, तेव्हा घरी जाणारी गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने रात्रभर चालले आणि थकून रुळांवरच निजले. चौघे तेवढे वाचले. ज्या मार्गावर हे घडले, तो निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत नेलेला लोहमार्ग. मराठवाड्याचा बाहेरच्या जगाशी संबंध बव्हंशी त्यानेच जोडला.

या मृत्यूंविषयी कोणतीही संदिग्धता नव्हती. महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या कुटुंबीयांस प्रत्येकी पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. म्हणजे सोळा ही संख्या दोन शासनांनी मोजली होती आणि तिच्यावर खर्चही ठरविला होता. यानंतर चार महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, लोकसभेत श्रममंत्रालयास प्रश्न विचारण्यात आला : परतीच्या प्रवासात किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या कुटुंबांस भरपाई दिली काय? श्रममंत्री संतोष गंगवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता की, अशी आकडेवारी ठेवली जात नाही. सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. याच सुमारास याच मंत्रालयाने स्वगृही परतलेल्या मजुरांची संख्या मात्र सभागृहास दिली. ती एक कोटी चार लाखांहून अधिक होती. जिवंत पोचलेल्यांचा रकाना होता, न पोचलेल्यांचा नव्हता.

रकाना खरोखरच नव्हता काय? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीचा १९७९ चा अधिनियम तेव्हा अमलात होता. ठेकेदाराने कामगारांचा तपशील मूळ राज्य व कामाचे राज्य या दोहोंच्या अधिकाऱ्यांस कळवावा, आणि कामगाराचा अपघाती मृत्यू किंवा त्यास गंभीर इजा झाल्यास दोन्ही राज्यांस व नातेवाइकांस वर्दी द्यावी, अशी त्यात स्पष्ट तरतूद होती. कामावरून सुटून पायी निघालेल्या माणसाचा मृत्यू या कलमाच्या शब्दांत बसविणे कठीण, हे मान्य करावे लागेल. तथापि मजुरांच्या नोंदीची चौकट कायद्याने चाळीस वर्षांपूर्वी आखून दिली होती, आणि प्रश्नाचा रोख तिच्याकडे वळविता आला असता. ‘किती मेले?’ असे न विचारता ‘१९७९ च्या अधिनियमाखाली किती ठेकेदारांनी नोंदी पाठविल्या, आणि मार्च ते जून या महिन्यांत किती मृत्यूंच्या वर्द्या आल्या?’ असे विचारले असते, तर ‘आकडेवारी ठेवली जात नाही’ हे उत्तर कायद्याच्या अंमलबजावणीची कबुली ठरले असते.

अन्य नोंदवह्यांतही या सोळांची गत काही निराळी नव्हती. त्याच अधिवेशनात रेल्वेमंत्र्यांनी श्रमिक विशेष गाड्यांत ९७ व्यक्ती मरण पावल्याचे राज्यसभेत सांगितले. परंतु ते गाडीतले. रुळावर असलेला मनुष्य रेल्वेच्या दृष्टीने प्रवासी नव्हे, तर अनधिकृत प्रवेश करणारा. त्याचा मृत्यू रेल्वे अपघातात धरला जात नाही. पोलिसांच्या दप्तरी तो आकस्मिक मृत्यू. प्रत्येक खात्याने आपल्या व्याख्येस अनुसरून बिनचूक उत्तर द्यावे आणि सर्व उत्तरे एकत्र केली तरी सोळा माणसे कोठेच सापडू नयेत, असा हा प्रकार आहे.

आता पूरक प्रश्नाकडे वळू. महामारीमुळे सप्टेंबर २०२० च्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास रद्द झाला होता. केवळ अतारांकित प्रश्नांस लेखी उत्तरे मिळत होती. तारांकित प्रश्न नाही, म्हणून पूरक प्रश्न नाही. ‘आकडेवारी ठेवली जात नाही’ या वाक्यावर ‘दोन राज्यांनी ठेवली आहे, ती आपण मागविली काय?’ एवढे विचारावयास एकही सदस्य उभा राहू शकत नव्हता. आकड्यांच्या संदर्भात सभागृह तेवढ्यापुरते १८९२ च्या अवस्थेत जाऊन पोचले होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. आणखी एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. जालन्याचे तत्कालीन खासदार रावसाहेब दानवे हे केंद्रात राज्यमंत्री होते, तर घनसावंगीचे आमदार राजेश टोपे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. मंत्री मंत्र्यास प्रश्न विचारीत नाही. आपला प्रतिनिधी मंत्री झाला म्हणून जिल्हा आनंदतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण तेवढ्या काळापुरता त्या मतदारसंघाचा प्रश्नकर्ता उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसलेला असतो, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

श्री. टोपे यांच्याच कारकिर्दीत प्राणवायूचा प्रश्न उपस्थित झाला. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले की, प्राणवायूच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळविलेले नाही. महाराष्ट्रात असे मृत्यू झाले नाहीत, असे त्यानंतर श्री. टोपे यांनीही सांगितले. यात कोण खरे, कोण खोटे या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात रोग्याच्या शरीरात काय बिघडले ते लिहावयाचे असते; रुग्णालयाच्या साठ्यात काय नव्हते ते लिहावयास त्यात जागाच नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून केंद्र राज्यांकडे बोट दाखविते; राज्य प्रमाणपत्रांकडे पाहते; प्रमाणपत्र गप्प असते.

याहून गुंतागुंतीचा प्रकार शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या आकड्यांत आढळतो, कारण येथे रकाना आहे, आणि तो नियमाने भरलाही जातो. महाराष्ट्र शासनाने आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या १४ जिल्ह्यांस सवलतीचे धान्य देण्याची योजना २०१५ मध्ये आखली, त्यांत मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांसह जालनाही होता. नोंद होते ती मदतीच्या निमित्ताने. २००६ च्या शासन निर्णयानुसार मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन, मान्यताप्राप्त बँकेचे, संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा या गोष्टी पाहिल्या जातात. तलाठ्याचा पंचनामा तहसीलदाराकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे; समिती प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरविते. मंत्री सभागृहात वाचतात ती या समित्यांच्या निर्णयांची बेरीज. बटईने जमीन कसणारा, नातलगांकडून हातउसने घेतलेला, किंवा निव्वळ मजुरी करणारा मनुष्य या नोंदवहीच्या कडेवरच राहतो.

म्हणूनच २०१५ या एकाच वर्षाचे दोन हिशेब जुळत नाहीत. महसूल यंत्रणेच्या नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात त्या वर्षी ३,२२८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने पोलिसांच्या कागदांवरून ४,२९१ हा आकडा दिला; त्यांपैकी ३,०३० शेतकरी व १,२६१ शेतमजूर. केवळ शेतकऱ्यांपुरते पाहिले, तर पोलिसांचा आकडा महसूल खात्यापेक्षा कमी आहे, आणि मजूर मिळविले तर बराच अधिक. एकाने व्यवसाय पाहिला, दुसऱ्याने सातबारा.

आता पात्रतेचे प्रमाण पाहू. २०१५ च्या त्या ३,२२८ प्रकरणांपैकी १,८४१ पात्र, ९०३ अपात्र व ४८४ चौकशीसाठी प्रलंबित असल्याचा तपशील प्रथम बाहेर आला. जून २०१९ मध्ये मदत व पुनर्वसन मंत्री सुभाष देशमुख यांनी विधानसभेत सांगितले की, २०१५ ते २०१८ या चार वर्षांत १२,०२१ आत्महत्या झाल्या व त्यांतील ६,८८८ पात्र ठरल्या; त्याच उत्तरात २०१९ च्या पहिल्या तिमाहीतील ६१० पैकी १९२ पात्र होत्या. जुलै २०२५ मध्ये मकरंद जाधव-पाटील यांनी विधान परिषदेत दिलेल्या उत्तरानुसार त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ७६७ आत्महत्या. त्यांपैकी ३७३ पात्र, २०० अपात्र, १९४ प्रलंबित.

या आकड्यांवरून कोणी म्हणेल की, पात्रतेचे प्रमाण २०१९ मध्ये शेकडा ३१ पर्यंत घसरले आणि २०२५ मध्ये ४९ वर चढले. हा निष्कर्ष फोल आहे. तिमाही संपून थोडेच दिवस झाले असता प्रश्न विचारला, तर पुष्कळशी प्रकरणे अजून समितीपुढे असतात. प्रमाण घसरते ते समितीच्या कठोरपणाने नव्हे, प्रश्नाच्या दिनांकाने. प्रलंबित प्रकरणे वगळून केवळ निर्णय झालेली घेतली, तर २०१५ मध्ये पात्रतेचे प्रमाण शेकडा ६७ आणि २०२५ मध्ये ६५ येते. दहा वर्षांच्या अंतराने दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. परंतु २०१५ ते २०१८ या चार वर्षांच्या एकत्रित हिशेबात तेच प्रमाण शेकडा ५७ आहे. त्या उत्तराच्या वेळीही मोठ्या संख्येने प्रकरणे निर्णयाविना पडून होती, किंवा जी प्रकरणे प्रथम लांबणीवर पडतात ती पुढे बहुतांशी अपात्र ठरतात, या दोहोंपैकी एक काहीतरी असले पाहिजे. दुसरे असेल, तर ‘प्रलंबित’ हा शब्द मृताच्या घरी बसलेल्या विधवेच्या दृष्टीने नकाराचाच सौम्य पर्याय ठरतो. प्रत्येक अधिवेशनात सदस्य नव्या तिमाहीचा प्रश्न विचारतात. मागील उत्तरातील प्रलंबितांचे पुढे काय झाले, जालना जिल्ह्याच्या समितीपुढील किती प्रकरणे कोणत्या कारणास्तव अपात्र ठरली आणि त्यास किती दिवस लागले, हे त्या-त्या उत्तराचा दिनांक देऊन मागितले, तर त्याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, आणि ‘माहिती ठेवली जात नाही’ असे त्या प्रश्नास म्हणता यावयाचे नाही.