कागद नाही, म्हणून हक्कही नाही काय?

कोरगावातील घरांची चूल आज केवळ भातशेतीवर आणि काजूच्या बागांवर पेटत नाही. कुणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभा असतो, कुणी हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावरील हॉटेलांत राबतो, तर कुणाची मिळकत २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर अवलंबून असते. यांपैकी कित्येकांची नोकरी तोंडी बोलीवरच ठरलेली असते. ‘सोमवारपासून ये, महिन्याला इतके देईन,’ एवढेच काय ते करारपत्र!

मग एके दिवशी मालक सांगतो, ‘कच्चा माल आलेला नाही. पंधरा दिवस घरी राहा, बोलावीन तेव्हा या.’ कामावरून काढल्याचे तो म्हणत नाही. पण त्या पंधरा दिवसांच्या पगाराचे नावही काढीत नाही. कामगाराने विचारलेच, तर उत्तर मिळते, ‘तुझ्यापाशी कागद कुठे आहे?’ या प्रश्नाने भलेभले गप्प होतात. तसे गप्प होण्याचे कारण आहे काय, याचा विचार आम्ही आज वाचकांसमोर मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. कागद नसला म्हणजे करार नसतो, असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच होय. एकाने काम द्यायचे, दुसऱ्याने ते करायचे आणि त्याबद्दल ठराविक मोबदला द्यायचा, असे ठरून त्याप्रमाणे काम चालू झाले, की नोकरीचे नाते जुळते. अडचण असते ती पुराव्याची, हक्काची नव्हे.

काम तात्पुरते बंद ठेवण्याच्या या प्रकाराला कारखान्यांत ‘ले-ऑफ’ म्हणतात. कोळसा, वीज अथवा कच्चा माल न मिळणे, तयार माल साचून राहणे, यंत्र बिघडणे, नैसर्गिक आपत्ती येणे, अशा कारणांनी मालक काम देऊ शकला नाही, परंतु नोकरी संपलेली नाही, अशी ही स्थिती असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन या दिवसांच्या भरपाईचा नियम आला. साप्ताहिक सुटी वगळून कामबंदीच्या प्रत्येक दिवसास मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावी, असा तो नियम. म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दिवसाला ६०० रुपये पडत असतील आणि कामाचे १२ दिवस बंद गेले असतील, तर ३,६०० रुपये हक्काने मिळावयाचे.

मात्र त्यास काही अटी आहेत. आस्थापना कारखाना, खाण अथवा मळा असावी. तेथे सरासरी ५० तरी कामगार असावेत. आणि काम हंगामी स्वरूपाचे नसावे. कामगाराची एक वर्षाची अखंड सेवा झालेली असावी. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले, तर ही अट पुरी झाली असे धरतात. बदली व नैमित्तिक कामगार यातून वगळलेले आहेत. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे कामगाराचे नाव हजेरीपटावर असले पाहिजे. नियुक्तिपत्र हवे, असे या नियमात कोठेही म्हटलेले नाही!

हजेरीपटावरील एका ओळीचे मोल काय असते, हे शेजारच्या डिचोली तालुक्याने पाहिले आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी गोवा शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीहुकूम आला. यंत्रे थांबली, ट्रक उभे राहिले, घरोघरच्या हप्त्यांची ओढाताण सुरू झाली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने खाणींवर मर्यादा घातल्या. परंतु कामगारांचा विसर पडू दिला नाही. खाणमालकांच्या हजेरीपटावरील ज्या कामगारांना वेतन मिळाले नव्हते, त्यांना वेतन व महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम साठ्यातील खनिजाच्या लिलावाच्या पैशातून द्यावी, असे त्यात सांगितले होते. ज्यांचे नाव कुणाच्याच पटावर नव्हते, त्यांना या आधाराचा उपयोग नव्हता. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. तेव्हाही हाच धडा नव्याने शिकावा लागला.

आता तो जुना कायदा राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. निम्म्या भरपाईचा नियम, ५० कामगारांची अट आणि हजेरीपट ठेवण्याचे मालकाचे कर्तव्य तिनेही कायम ठेवले आहे. मोठ्या कारखान्याला कामबंदीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० कामगारांची होती, ती आता ३०० झाली आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या कामगार सुरक्षाविषयक संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना ती लागू होते, आणि जुन्या कामगारांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पत्र द्यावे, असे तिचे म्हणणे आहे. तेव्हा ‘कागद कुठे आहे?’ हा प्रश्न यापुढे कामगाराने मालकाला विचारावयाचा आहे!

पण ज्या हॉटेलात वा कार्यालयात हा निम्म्या भरपाईचा नियम लागूच होत नाही, तेथील माणसाने काय करावे? येथे १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फायरस्टोन या टायर कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यात संप झाल्याने दिल्लीच्या वितरण कार्यालयात माल पोहोचेना, म्हणून तेथील काही कर्मचाऱ्यांना घरी बसविण्यात आले. ते कार्यालय कारखाना नसल्यामुळे निम्म्या भरपाईचा नियम त्यास लागू नव्हता. तथापि न्यायालयाने विचारले, की घरी बसविण्याचा अधिकार मालकाला मिळाला कोठून? तो कायद्यात, स्थायी आदेशांत वा करारात नसेल, तर नोकरी चालू असताना वेतन रोखता येत नाही. कामगार सामान्यतः पूर्ण वेतनास पात्र ठरतो. परिस्थिती पाहून न्यायाधिकरण कमी रक्कमही ठरवू शकेल, हे खरे. पण तत्त्व पाहा: लेखी करार नसणे हे येथे कामगाराला मारक नसून मालकालाच अडचणीचे आहे.

यास्तव काही गोष्टी सांभाळाव्यात, असे आमचे सांगणे आहे. कामबंदी जाहीर झाली तरी नेमल्या वेळी दिवसातून एकदा कामावर हजर व्हावे. हजर न राहणारा भरपाई गमावतो. हजर झाल्यावर दोन तासांत काम मिळाले नाही, तर तो दिवस कामबंदीचा धरला जातो. त्याच मालकाने जवळपास बरोबरीचे दुसरे काम तेवढ्याच वेतनावर देऊ केले, तर ते नाकारू नये. पगाराची बँकेतील नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचे कार्ड, ओळखपत्र, मालकाचे संदेश, हे सारे जपून ठेवावे. आणि न वाचता कोठेही सही करू नये. कारण वर्षातील ४५ दिवसांनंतर भरपाई मिळणार नाही, असा करार कामगाराने केला असेल, तर तो कायद्याने चालतो. कागद नसलेल्याचा हक्क शाबूत राहू शकतो, पण चुकीच्या कागदावर सही करणाऱ्याचा हक्क त्याच्याच हातून जातो. बोलणी फिसकटली, तर पणजीत पाटो येथे कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी मिळून लेखी अर्ज घेऊन जावे.

मालकवर्गालाही दोन शब्द. लहान कारखानदाराची अडचण खोटी नसते. मागणी थांबली की त्याचाही जीव मेटाकुटीस येतो. परंतु कामगाराच्या घरचे भाडे, मुलांची फी आणि दुकानदाराची उधारी कच्चा माल येईपर्यंत थांबत नाहीत. केवळ दोघांनी मान्य केले म्हणून कोणतेही वेतन न्याय्य ठरत नाही, त्यात काटकसरी कामगाराचा निर्वाह झाला पाहिजे, असे तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रात सांगितले होते. जे चालू दिवसांच्या वेतनाला लागू, ते बंद दिवसांनाही थोडेफार लागू असलेच पाहिजे. अडचण आली तर कामगारांना एकत्र बसवावे, कारण आणि अंदाजे मुदत सांगावी, काय देणार ते लिहून द्यावे. अर्ध्या पानाचा तो कागद दोघांनाही कचेरीच्या खेपांतून वाचवील.

कोरगावच्या कामगारांनी आजच एवढे तरी करावे: हजेरीपटावर आपले नाव आहे की नाही, ते पाहून घ्यावे. काम चालू असताना हे विचारणे सोपे असते. दार बंद झाल्यावर ते फार अवघड होऊन बसते.