गोमंतकीय वाद्यवादकांचा हॉटेलांतील रोजगार

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून ब्रिटिश भारत, ब्रह्मदेश आणि पूर्व आफ्रिकेत गेलेल्या वाद्यवादकांनी तेथील हॉटेले, क्लब व थंड हवेची ठिकाणे येथे मिळविलेल्या कामाचा विचार या लेखात केला आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. तोपर्यंत मडगाव किंवा हळदोणे येथील व्हायोलिनवादकाच्या दृष्टीने मुंबई, मसुरी, लाहोर ही सर्व शहरे कायद्याने परदेशातीलच होती. अंतराने जवळ असलेला, परंतु राज्यसत्तेने वेगळा असा हा परदेश होता.

== पार्श्वभूमी ==
गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना धर्मशिक्षणाबरोबर गायन व स्वरलेखन शिकविले जाई. प्रार्थनासंगीताची जबाबदारी असलेला 'मेस्त्री' हाच शिक्षक असे. जमीन नसलेल्या कुटुंबांतील मुलेही त्यामुळे व्हायोलिन वाजविण्यास आणि पाच रेघांवरील पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्यास शिकत.

पुढील रोजगाराचे मूळ या वाचनात आहे. गोमंतकीयांच्या 'उपजत संगीतप्रेमा'चा उल्लेख या संदर्भात वारंवार केला जातो, परंतु त्याने फारसा उलगडा होत नाही. नृत्यसंगीताच्या छापील प्रती लंडन व न्यूयॉर्क येथून येत. त्या समोर ठेवताच वाजवू शकणारा वादक तालमीशिवायही बँडमध्ये बसू शकत असे. हिंदुस्थानी संगीतातील वादक गुरुमुखातून शिकलेला असल्याने, कितीही तयारीचा असला तरी, या कामासाठी त्याची निवड होत नसे.

== काम मिळण्याची पद्धत ==
हॉटेलचा व्यवस्थापक सहसा प्रत्येक वादकाशी वेगळा करार करीत नसे. तो बँडच्या प्रमुखाशी एकरकमी व्यवहार ठरवी आणि प्रमुख आपल्या ओळखीतील माणसे निवडी. त्यामुळे काम शोधणे म्हणजे प्रत्यक्षात बँडप्रमुख शोधणे होते. वादकाचा प्रमुखाशी असलेला करार बहुधा तोंडी असे. हॉटेलने बँड बदलला तर त्याच्याकडे दाखविण्यास कागद नसे.

मुंबईत आलेला नवखा वादक धोबीतलाव किंवा माझगाव भागातील आपल्या गावाच्या 'कुडा'त उतरे. कूड म्हणजे एकेका गावातील लोकांनी वर्गणीतून चालविलेले सामाईक निवासस्थान. तेथे खाटेपुरती किंवा चटईपुरती जागा, सामानाची पेटी ठेवण्याची सोय आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असे. जहाजावरील खलाशी, आचारी व वादक एकाच छपराखाली राहत असल्याने कोणत्या हॉटेलात जागा रिकामी आहे याची वार्ता येथे लवकर पोहोचे. स्वतःचे वाद्य आणि काळा सूट या दोन गोष्टी मात्र वादकाकडे असाव्याच लागत.

== हंगाम ==
उन्हाळ्यात ब्रिटिश भारताचे सरकार सिमल्यास हलत असे. मसुरी, नैनिताल व दार्जिलिंग येथेही अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि संस्थानिक जमत. बँडही त्यांच्यामागे डोंगरावर जात व हिवाळ्यात मुंबई-कलकत्त्याकडे परतत. नाताळ व नववर्ष हा मैदानी शहरांतील मुख्य हंगाम असे. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा एक प्रमुख लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळ या खानदेशातील स्थानकांवरून जातो.

या हंगामी रोजगाराची तुलना खुद्द खानदेशातील तमाशा व लग्नाच्या बँडशी करता येते. जळगाव-धुळे भागात तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो व चैत्र-वैशाखातील यात्रांत भरास येतो. गावची यात्रा समिती फडमालकाला सुपारी देते आणि मालक कलावंतांचा मेहनताना ठरवितो. लग्नाच्या बँडला तुळशीविवाहानंतर कामे मिळू लागतात आणि चातुर्मासात ती जवळजवळ थांबतात. मध्यस्थ प्रमुख, तोंडी बोली आणि रिकामे महिने ही तिन्ही लक्षणे दोन्हीकडे दिसतात. फरक उचलीचा आहे. फडातील कलावंत बेकारीच्या काळात मालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याच फडाशी बांधलेला राहतो.

== दर्जा व नावे ==
अनेक क्लबांचे सभासदत्व केवळ युरोपीयांसाठी राखीव होते. त्यामुळे ज्या दालनात गोमंतकीय वादक रात्रभर वाजवी, तेथे पाहुणा म्हणून बसण्याची त्याला मुभा नसे. रंगमंचासाठी नाव बदलण्याची प्रथाही रूढ होती. हळदोणे येथील ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांना 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हटले जाई. ज्यांच्या बँडमध्ये अनेक गोमंतकीयांनी काम केले ते रूडी कॉटन हे मूळचे पारशी असून त्यांचे नाव कावसजी खटाव होते.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी जॅझ बँड आला. त्यानंतरच्या काळात स्थानिक वादकांनाही या संगीताची गोडी लागली. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके त्याच हॉटेलात बँड चालविला. इतका दीर्घ काळ एका ठिकाणी टिकणे हा या व्यवसायातील अपवाद होय.

== ऱ्हास व चित्रपटसृष्टी ==
१९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतल्यावर ब्रह्मदेशातील कामे संपली. फाळणीने लाहोरची हॉटेले तुटली. तेथे बँड चालविणारे सेबास्टियन डिसूझा मुंबईस आले व पुढे शंकर-जयकिशन यांचे संगीत-संयोजक झाले. संस्थानांच्या विलीनीकरणाने दरबारी बँड गेले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांचे उत्पन्न घटले.

या वादकांना मोठ्या प्रमाणावर सामावून घेतले ते हिंदी चित्रपटांनी. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा महत्त्वाचा वाटा होता. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारित वाद्यवृंदरचना सादर केल्या. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होत.

काम मिळाले तरी घर दूर गेले. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली व रेल्वे वाहतूक थांबली. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना गावच्या फेस्तासाठी किंवा घरातील मृत्यूच्या प्रसंगीही जाणे अवघड झाले.

== नंतरचा काळ ==
१९७० च्या दशकापासून आखाती देशांतील हॉटेले व पर्यटक जहाजे ही कामाची नवी ठिकाणे झाली. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या दलालांना १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार नोंदणी बंधनकारक आहे. पूर्वीच्या तोंडी बोलीच्या तुलनेत ही सुधारणा असली, तरी काम मिळविण्यात बँडप्रमुखाची ओळख अद्याप उपयोगी पडते. हॉटेलांची मागणी मात्र बदलली आहे. पूर्ण बँडऐवजी एक गायक, एक कीबोर्डवादक आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ एवढ्यावर अनेक ठिकाणी भागविले जाते. त्यामुळे स्वरलिपी वाचता येण्याचे महत्त्व कमी झाले असून, पाहुण्यांच्या फर्माइशीनुसार अनेक भाषांतील गाणी म्हणू शकणाऱ्या कलावंताला अधिक मागणी असते.