मांडवाचा खांब जमिनीलगतच का सडतो?

परसातला जुना मांडव उतरवताना एक गोष्ट हमखास दिसते. खांबाचं वरचं टोक धडधाकट, खोल गाडलेलं टोकही बऱ्यापैकी शाबूत. जमिनीलगतच्या वीतभर लाकडाचा मात्र हातात भुगा होतो. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वर ओल टिकत नाही, खोलवर हवा पुरत नाही. जमिनीच्या तोंडाशी दोन्ही मिळतात. त्यात आपली काळी माती पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवते.

मग लाकूड कोणतं घ्यावं? अमरावती-अकोल्यात पहिलं नाव निघतं मेळघाटच्या सागाचं. पण कापलेला ओंडका नीट पाहा : कडेला फिकट पट्टा, आत तपकिरी गाभा. फिकट भाग म्हणजे झाडाची चालू नळयोजना; त्यात साखर आणि पिष्ट साठलेलं. गाभ्यातल्या नळ्या झाडाने केव्हाच बंद केलेल्या, त्यांत तेलकट, कडवट द्रव्यं मुरलेली. उधई तिथे सहसा तोंड लावत नाही. फिकट कडेचा साग मात्र ती सोडत नाही. तसल्या सागापेक्षा बाभळीचा लालसर-काळपट गाभा मी खुशाल घेईन.

आडव्यांसाठी बांबू छान. हलका, वाकेल पण मोडणार नाही. त्यातलं पिष्ट भुंगेऱ्यांना बोलावतं. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की ते बरंचसं निघून जातं.

खांब मात्र मातीत गाडू नका. सिमेंटच्या ओट्यावर, लोखंडी पट्टीत, जमिनीपासून चार बोटं वर बसवा.